बारकी गोळी

"तीनशेचं द्या."

आईच्या गोळ्या घ्यायला मी गंगाखेडच्या मोंढ्याजवळच्या मेडिकलमध्ये उभा होतो. दसरा होऊन आठवडा झाला होता. सप्टेंबरातल्या पावसानं शेतं धुऊन नेलेली, गोदावरीच्या पुराचा चिखल अजून खालच्या गल्ल्यांत वाळत होता आणि मोंढ्यात येणाऱ्या सोयाबीनला एक आंबूस, कुबट वास होता. तोच वास माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या धोतराला येत होता. सत्तरीच्या आतबाहेरचा माणूस. त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी काढली, पिशवीचीच घडी घालून परत खिशात ठेवली आणि चिठ्ठी काउंटरवर दोन्ही हातांनी सपाट केली. पोरानं कॅल्क्युलेटरवर बोटं मारली. "महिन्याचं बावीसशे सत्तर होतंय, मामा." मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शंभराच्या तीन नोटा काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "तीनशेचं द्या." भाजीवाल्याला पावशेर वांगी मागावीत, तसं.

पोरगं सरावलेलं होतं. "सगळ्याच्या चार-चार दिवसांच्या देऊ का?" मामा म्हणाले, "तुमच्या मनानं द्या." काउंटरला सुतळीनं बांधलेली कात्री त्यानं ओढली आणि गोळ्यांचा एकेक पत्ता कापायला सुरुवात केली. साखरेची गोळी दिवसाला दोन, म्हणून आठ. कोलेस्टेरॉलच्या चार. पित्ताच्या चार. पायाच्या आगीच्या चार. लाल, फुगीर, तेलकट चमकणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूल चार. आणि रक्तदाबाच्या चार, पांढऱ्या, साबुदाण्याहून थोड्याच मोठ्या. मामा तुकड्यांकडे बघत होते. मग त्यांनी बोटानं तो शेवटचा तुकडा बाजूला सारला. "ही बारकी राहू द्या. हिनं काय व्हतंय. ह्या ताकदीच्या जरा वाढवा, काढणीला माणूस मिळंना." पोरानं बारा रुपयांच्या चार गोळ्या परत डब्यात टाकल्या, अठरा रुपयांची एक लाल कॅप्सूल कापून दिली. हिशोब तीनशे नऊ झाला. "नऊ राहू द्या, मामा," असं तो वर म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पोरगं मनानं चांगलंच आहे.

मी शेजारी उभा होतो. ती बारकी गोळी काय करते, हे मला माहीत होतं.

मी काही बोललो नाही. का बोललो नाही याची कारणं घरी येईपर्यंत तीन-चार तयार झाली होती. मी डॉक्टर नाही. मामांची आणि माझी ओळख नाही. चारचौघांत एखाद्याला 'तुमचे पैसे चुकीच्या ठिकाणी चाललेत' म्हणणं बरं दिसत नाही. पोराच्या धंद्यात तोंड घालणं त्याहून वाईट. सगळी कारणं खरी, आणि एकही पुरेसं नाही. रात्री जेवताना आईनं विचारलं, "काय झालं रे, भाकरी तशीच आहे." म्हटलं, काही नाही.

चिठ्ठी मी नुसती पाहिली नव्हती, सवयीनं वाचली होती. ती सवय कुठून लागली ते पुढे सांगतो. सहा ओळी. साखरेच्या जोडगोळीचे (दोन औषधं एकाच गोळीत) महिन्याला चारशे ऐंशी, रक्तदाबाचे नव्वद, कोलेस्टेरॉलचे दोनशे तीस धरून चाला, पायाच्या आगीचे साडेपाचशेच्या वर, पित्ताचे पावणेचारशेच्या घरात आणि ताकदीचे पाचशे चाळीस. मोंढ्यात त्या दिवशी सोयाबीन चार हजारांच्या आतबाहेर होतं, तेही वाळलेलं असलं तर. २०२५ च्या हंगामाचा हमीभाव कागदावर ५,३२८. म्हणजे महिन्याची एक चिठ्ठी झाली अर्ध्या क्विंटलहून जास्त सोयाबीन. वर्षाला सात क्विंटलची ओळ नुसती मेडिकलच्या नावानं. कोरडवाहू तीन एकरवाल्याला हे जमणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. त्यामुळे तो चिठ्ठी कापणार हे ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच की कुठून कापणार. आणि चिठ्ठीवर तर सहाही ओळी एकाच शाईत, एकाच आकारात असतात. कुठली ओळ सोडली तर नुसती ढेकर येईल आणि कुठली सोडली तर एक दिवस बांधावर तोंड वाकडं होऊन पडाल, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. मग माणूस आपल्या अकलेनं ठरवतो. मोठी गोळी मोठं काम करत असेल, बारकी बारकं. लाल रंग म्हणजे रक्त. महाग ते चांगलं. यात त्याचं काय चुकलं?

माझ्या लहानपणी आमच्या गावात चिठ्ठी नावाचा प्रकारच नव्हता. डॉक्टर म्हणजे एकच, आणि त्यांच्याकडे औषध त्यांच्याच टेबलावर. ओळीनं डबे, डब्यांत सुट्या गोळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, एक विटकरी. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत त्या भराभर बांधल्या जायच्या आणि पुडीवर पेन्सिलीनं एक किंवा दोन रेघा. खोकल्याला गुलाबी मिक्श्चर. बाटली घरून न्यायची, कंपाउंडर मोठ्या बरणीतून ओतून द्यायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत एक डोस. त्या पेपरमिंटच्या वासावर मला आजही खोकला यावासा वाटतो. आत काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इंजेक्शनसुद्धा कशाचं, हे विचारायची रीत नव्हती, पण ते मात्र हवंच असायचं. आजी दवाखान्यातून परत येऊन तक्रार करायची, "सुई नाही दिली माय, नुसत्या पुड्यांवर वाटं लावलं." लघवी पिवळीधमक झाली की औषध अंगी लागलं, अशी खात्री. पैशांचं म्हणाल तर वही होती. सुगी झाली की ज्वारीचं पोतं डॉक्टरांच्या दारात उतरायचं आणि वहीतल्या पानावर आडवी रेघ पडायची. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. एकच सुई उकळून सगळ्या गावाला टोचलेली मी पाहिली आहे. पण एक होतं, त्या दवाखान्यात औषध कापायचं की नाही हे पेशंटला ठरवावं लागत नव्हतं. माणसाची ऐपत डॉक्टरांना माहीत असायची आणि पुडी त्या ऐपतीची बांधली जायची.

मी बी.एस्सी. झालो तेव्हा परभणीत म्हण होती, अजूनही आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. माझी बनली ती अशी की १९९७ साली एका औषध कंपनीत एमआर म्हणून, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन कंपनीची औषधं खपवणारा प्रतिनिधी म्हणून, लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली आहे. साडेतीन हजार पगार, रोजचा भत्ता, काळी बॅग आणि टाय. एप्रिलच्या उन्हात जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा असं एसटीनं फिरायचं आणि दवाखान्याच्या दाराशी उतरल्यावर गळ्यात टाय घालायचा. बाकावर शेतकरी बसलेले, कुणाच्या मांडीवर तापलेलं पोर, आणि कंपाउंडर आम्हाला आधी आत सोडायचा. दोन पेशंट, एक एमआर. ती माणसं उठून जागा द्यायची, त्यांना मी डॉक्टरच वाटायचो. पहिल्या महिन्यात लाज वाटली. तिसऱ्या महिन्यात कंपाउंडरला 'लवकर सोड ना' म्हणायला शिकलो.

आमच्या धंद्याची स्वतःची बोली होती. डॉक्टर औषध 'लिहितात' असं आम्ही म्हणत नसू, त्यांचं 'पेन चालू झालं' म्हणत असू. अमुक डॉक्टरांच्या 'हाताला ब्रँड बसला' म्हणजे जिंकलो. एकदा का हाताला बसला की मग डोक्याचं काम उरत नाही, सर्दी म्हटलं की पेन आपोआप त्या नावावर जातं. मी एवढी वर्षं डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा राहून पाहिलंय, बहुतेकांची अख्खी प्रॅक्टिस तीस-चाळीस नावांवर चालते, आणि ती नावं कुठल्या पुस्तकातून येत नाहीत, गेल्या महिन्यात दारात उभ्या राहिलेल्या पोरांच्या बॅगांतून येतात. संध्याकाळी मेडिकलवाल्याकडे चहा पीत बसून हिशोब काढायचा, गेल्या आठवड्यात साहेबांच्या किती चिठ्ठ्यांवर आपला ब्रँड, किती चिठ्ठ्यांवर समोरच्याचा. या प्रकाराला आरसीपीए म्हणतात. डॉक्टरांना वाटायचं आपण काय लिहितो ते आपल्यालाच माहीत. ते आम्हालाही माहीत असायचं, कधी कधी त्यांच्यापेक्षा जास्त.

माझ्या बॅगेत तेव्हा एक ताकदीची कॅप्सूल होती. लालच. अँटिऑक्सिडंट हा शब्द नवा होता, तो मी आरशासमोर उभं राहून पाठ केला होता. एरिया मॅनेजर औरंगाबादहून यायचे, दिवसभर माझ्याबरोबर फिरायचे आणि रात्री लॉजवर कागद पुढे ओढून शिकवायचे. त्यांचं एक वाक्य डोक्यात राहून गेलंय, ते कशासाठी होतं हे मात्र मला परवापर्यंत नीट समजलं नव्हतं. त्याकडे शेवटी येतो. चार वर्षांनी मी नोकरी सोडली, ज्युनियर कॉलेजात लागलो. सोडली ती काही विवेक जागा झाला म्हणून नव्हे. टार्गेट झेपेना आणि कॉलेजची ऑर्डर आली. २०१६ साली केंद्र सरकारनं ३४४ जोडगोळ्यांवर एका फटक्यात बंदी घातली, तेव्हा वर्तमानपत्रातली यादी मी दहावीच्या निकालासारखी वाचली. नाइमसुलाइड आणि डायक्लोफेनॅक एकत्र केलेली दुखण्याची गोळी त्यात अगदी वर होती. असली जोडगोळी आम्ही 'डबल अ‍ॅक्शन' म्हणून खपवायचो. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, बंदी उठली, परत लागली. ज्यांनी त्या गोळ्या खाल्ल्या त्यांना यातलं काहीच कळलं नसणार.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. मामांनी जास्तीची मागून घेतली तीच लाल कॅप्सूल आईच्या चिठ्ठीतही आहे. तिचा पत्ता उलटा करून चष्मा लावून वाचला. मागं बारीक अक्षरात परवाना क्रमांक होता, पण औषधाचा नाही. अन्नपदार्थाचा. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसला. म्हणजे सरकारदरबारी ही वस्तू औषधच नाही, पण मेडिकलच्या काउंटरवरून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधाच्या पत्त्यात बसून ती येते. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवायला १९९७ पासून दिल्लीत एक प्राधिकरण आहे. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत ते ठरवतं. २०१३ पासूनची रीत अशी की एक टक्का किंवा त्याहून जास्त खप असलेल्या सगळ्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. रक्तदाबाची ती बारकी गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, त्या यादीत आहे, म्हणून ती तीन रुपयांच्या आसपास मिळते. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत भाव वाढवायची मुभा. आणि जी वस्तू औषधच नव्हे, तिला तेवढंही बंधन नाही. गंमत बघा. ज्या गोळीवाचून अडतं, ती सरकारनं स्वस्त केली. स्वस्त झाली म्हणून तिच्या मागं फिरायला कंपनीला परवडेना, म्हणून डॉक्टरांना वाटायला तिच्या नावाचं पेन, कॅलेंडर, टेबलावरचा शोभेचा घोडा काही निघत नाही. आणि स्वस्त म्हणूनच मामांना वाटलं, हिनं काय व्हतंय.

डॉक्टरांना चोर ठरवून मोकळं होता आलं असतं, पण मी दोन्ही बाजूंनी त्या टेबलापाशी उभा राहिलोय, त्यामुळे ते जमत नाही. आमच्या गल्लीत एक डॉक्टर बाई होत्या. त्यांनी वर्षभर नेटानं कमी औषधं लिहून पाहिली. दोनच गोळ्या, आणि बोलणं भरपूर. बायका बाहेर येऊन म्हणायच्या, "नुसतं लेक्चर दिलं बाई, औषध काहीच नाही." गर्दी चौकातल्या सलाईनवाल्याकडे. दवाखान्याचं भाडं, कर्जाचा हप्ता, नर्सचा पगार थांबत नाही. पुढं पुढं त्यांच्याही चिठ्ठीवर पित्ताची एक आणि ताकदीची एक गोळी यायला लागली. एकदा विचारलं तर हसून म्हणाल्या, "पित्ताची माझ्या समाधानासाठी, ताकदीची त्यांच्या." हे झालं सरळ माणसाचं. वाकड्याचं वेगळं. दवाखान्याच्या जिन्याखालीच मेडिकल, पाटीवर मेव्हण्याचं नाव, आणि चिठ्ठीवरचं औषध त्या दुकानाशिवाय सबंध तालुक्यात कुठं मिळत नाही. तुम्ही चार दुकानं हिंडता, प्रत्येक जण चिठ्ठी उलटीसुलटी करून परत देतो आणि म्हणतो, "हे तिथंच मिळंल." आत मालमसाला तोच असतो, नाव तेवढं कुणी न ऐकलेलं.

नियम नाहीत असं नाही. औषधांच्या धंद्याबद्दल सरकारनं नेमलेल्या जयसुखलाल हाथी समितीनं ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं काढून टाका, मूळ नावानं औषधं विका, असं १९७५ सालीच सांगितलं होतं. माझा जन्म त्याच सालचा, म्हणजे ती शिफारस आणि मी एका वयाचे. आम्हा दोघांचंही पुढं फार काही झालं नाही. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं नियम दुरुस्त केला: जेनेरिक, म्हणजे मूळ नावानं लिहा, वाचता येईल असं लिहा, जमल्यास कॅपिटल अक्षरांत लिहा. २०२३ च्या २ ऑगस्टला कौन्सिलच्या जागी आलेल्या नव्या आयोगानं तेच जरा दरडावून सांगितलं, आणि २३ ऑगस्टला तो नियम स्थगित झाला. तीन आठवडे. आमच्याकडे साध्या तापाच्या गोळ्यांचा कोर्स याहून लांबतो.

परभणीला गेलो की मी जनऔषधी केंद्रातून माझी रक्तदाबाची गोळी आणतो. चांगली स्वस्त पडते, दाब आटोक्यात आहे, तक्रार नाही. पण मामांना 'जनऔषधीत जा' म्हणून सांगायला किती सोपं आणि करायला किती अवघड, हेही तिथंच कळतं. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव, तिथल्या पाकिटावर मूळ औषधाचं लांबलचक नाव, तेही इंग्रजीत. मधला दुभाषा कोण? काउंटरवरचं पोरगं मोबाईलमध्ये शोधून देतं, मन असलं तर. जोडगोळी असली तर 'ही आपल्याकडं येत नाही'. साध्या मेडिकलवाल्याला चिठ्ठीतला ब्रँड बदलून दुसरा द्यायची कायद्यानं परवानगी नाही, आणि जिथं तो बदलतो तिथं बहुधा स्वतःच्या सोयीनं बदलतो. 'जेनेरिक' म्हणून जो पत्ता पुढं करतो, त्याच्यावर छापलेली किंमत साठ आणि त्याला पडलेली आठ-दहा. तुम्हाला वीस टक्के सूट देऊन तो उपकारही करतो. आरोग्य खात्याच्या सरकारी रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात. पण त्या असल्या तर. नाहीतर 'सोमवारी या'. एक सोमवार म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज.

आणि माझं स्वतःचं काय? माझ्यासाठी जनऔषधी, पण आईसाठी मी ब्रँडच आणतो. तिची रक्त पातळ करायची गोळी तर त्याच कंपनीची, त्याच रंगाची. मनात येतं, विरघळलीच नाही तर? सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिकमध्ये औषधच नव्हतं, ही २०२४ मधली बातमी अजून डोळ्यांपुढं आहे. ती टेंडरातली बदमाशी होती आणि जनऔषधीचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण आईच्या बाबतीत कळणं आणि हात पुढं जाणं यांत अंतर राहतं. स्वस्तावर भरवसा नाही, हे दुखणं मामांनाच आहे असं कोण म्हणेल?

आईच्या गोळ्यांचा डबा मीच भरतो. स्टीलचा, मसाल्याच्या डब्यासारखा, आत वाट्या. त्या रात्री भरायला बसलो तर एका वाटीत बारक्या गोळ्यांचा खच. मोजल्या. तेवीस. मी तिच्याकडे बघितलं, तर ती टीव्हीकडे. "अगं, ही घेत नाहीस?" "घेते की. एक दिवसाआड." "का?" "पाय सुजतात तिनं. आणि एवढीशी तर आहे, तिनं काय होतंय." तेच शब्द. पाय त्या गोळीनं सुजू शकतात, हे खरं आहे, डॉक्टरांना सांगितलं असतं तर बदलून दिली असती. पण डॉक्टरांसमोर तिला तीन मिनिटं मिळतात आणि त्यातली दोन रिपोर्ट काढण्यात जातात. लाल कॅप्सूल मात्र ती न चुकता घेते. पैशांची ददात नसलेल्या घरात, औषधांच्या कंपनीत चार वर्षं काढलेल्या पोराच्या नाकाखाली, मामांचीच कात्री चालू होती. मी तिला रागावलो. नंतर वाईट वाटलं, कारण तो राग तिच्यावरचा नव्हता.

मामा परत दिसतील म्हणून पुढचे दोन बाजार मी त्या मेडिकलमध्ये काही ना काही कारण काढून गेलो. एकदा बाम आणला, एकदा कापूस. चार दिवसांच्या गोळ्या म्हणजे चार दिवसांनी यायला हवेत, असा माझा हिशोब. ते आले नाहीत. पोराला विचारलं, तर म्हणालं, "कुठले मामा, सर? तसले रोज धा येतेत." त्या दिवशी गल्ल्यावर मालक स्वतः होते. जुनी ओळख, माझ्या एमआरच्या दिवसांत त्यांच्या वडिलांबरोबर मी त्याच बाकड्यावर चहा प्यायचो. सहज विचारावं तसं विचारलं, "माणूस म्हणाला दोनशेचं द्या, तीनशेचं द्या, तर तुम्ही काय देता?" त्यांनी कात्री उचलून तिची सुतळी नीट केली. म्हणाले, "कोणी सांगितलं हे द्या, ते द्या, तर तसं. 'तुमच्या मनानं' म्हणाला तर चिठ्ठीच्या वरून सुरू करायचं. पहिली ओळ, दुसरी ओळ. पैसे संपले की थांबायचं. आपण कोण ठरवणारे?"

आणि मला लॉजवरची ती रात्र आठवली. पंखा कुरकुरत होता, एरिया मॅनेजरनी कोऱ्या कागदावर चिठ्ठीसारख्या पाच रेघा मारल्या होत्या आणि वरच्या दोन रेघांना गोल करून म्हणाले होते, "डॉक्टर लिहितो की नाही एवढंच बघू नको. कितव्या ओळीत लिहितो ते बघ. आपला ब्रँड वरच्या दोन ओळींत पाहिजे." मला तेव्हा वाटलं होतं, मानाचा प्रश्न असेल. पत्रिकेत आपलं नाव वर असावं, तसा. मी ते डॉक्टरांकडून करूनही घेतलं होतं. गंगाखेडातच, दोघांकडून. एकाला उन्हाळ्यात कूलर पोचवला होता. भेटवस्तू घेऊ नयेत असा डॉक्टरांसाठी नियम यायला तेव्हा आठ-नऊ वर्षं अवकाश होता. कंपन्यांसाठीची संहिता तर त्याहून उशिरा आली, आताची २०२४ ची. वरच्या दोन ओळींत. म्हणजे त्या मॅनेजरला पोरी-बाळींचा खर्च, सुगीची तंगी, कात्री, तीनशे रुपये, सगळं माहीत होतं.

मामांच्या चिठ्ठीत कितव्या ओळीत काय होतं, हे मी आठवायचा प्रयत्न करतोय. बारकी सगळ्यांत खाली होती, एवढं नक्की. पोरानं तिच्यावर कात्री शेवटी चालवली होती.

गेल्या शनिवारी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. पायांच्या सुजेचं सांगितलं. त्यांनी बोटानं घोट्याजवळ दाबून पाहिलं, खळगा पडला, गोळी बदलली. हीही बारकीच, फक्त किंचित लांबट. जुनी चिठ्ठी समोर ठेवून ते नवी उतरवायला लागले. साखर, पित्त, ताकद. मी म्हटलं, "साहेब, बीपीची वर लिहिता का? पहिल्या ओळीत." त्यांनी पेन थांबवलं. "त्यानं काय फरक पडतो?" बाहेर बाकावर माणसं खोकत होती आणि दाराच्या फटीतून टाय घातलेलं एक पोरगं आत डोकावत होतं, मांडीवर काळी बॅग. "काही नाही," मी म्हटलं, "आईला सवय लागेल." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं, कागद टरकन फाडला आणि नव्या पानावर पहिल्यापासून लिहायला घेतलं. बीपीची वर. लाल कॅप्सूल शेवटच्या ओळीत गेली, पण चिठ्ठीतून गेली नाही. "ती राहू द्या साहेब," आईच म्हणाली होती, "तिनं तरतरी येती."